विजेची मोटार आमच्या दारी केव्हा येईल?



आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. आमच्यापाशी स्वतःची मोटार नाही. मोटारीचे भाग मात्र आम्ही उमेदीची वीस वर्षे लेथवर कातले, आणि पुढे ते भाग कातणाऱ्यांची संघटना बांधण्यात उरलेली वर्षे घातली. शाळा नववीत सुटली. जे काही वाचले ते पाळीवरून घरी आल्यावर, वाचनालयाच्या पुस्तकांतून. तेव्हा आजचे विवेचन एखाद्या इंजिनियराचे नव्हे; हिशेब मांडून पाहण्याची सवय जडलेल्या कामगाराचे आहे, हे ध्यानात ठेवून ऐकावे.

हा विषय आम्हांला एका फाटकसभेत मिळाला. भोसरीच्या एका कारखान्यात गिअरचे दाते पाडण्याचे काम चालते. सभा संपल्यावर तिथला एक जुना सहकारी जवळ आला आणि म्हणाला, "दादा, विजेची गाडी स्वस्त झाली तर माझा पोरगा ती घेईल म्हणतो. पण ती स्वस्त झाली तर माझं काम राहील का? तिला गिअर लागत नाहीत म्हणतात. मी आता स्वस्त व्हावी म्हणू की महाग राहावी म्हणू?"

त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करणार आहोत. त्यासाठी आधी हे पाहिले पाहिजे की, सामान्य माणसाला परवडणारी विजेची मोटार खरोखरच बाजारात टिकेल काय, आणि तिचे प्रतिस्पर्धी कोण.

पुष्कळांना वाटते की विजेची मोटार हे नवे खूळ आहे. तसे नाही. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेची होती. ती गोष्ट १८९९ सालची, फ्रान्समधली. अमेरिकेतील शहरांत त्या काळी विजेच्या गाड्या सर्रास धावत असत. पेट्रोलच्या गाडीला समोरून हँडल मारावे लागे, ते उलटून कित्येकांचे मनगट मोडे. विजेच्या गाडीला ती दगदग नव्हती. हेन्री फोर्ड पेट्रोलच्या गाड्या विकून गबर झाला, पण त्याची पत्नी क्लारा विजेची गाडी चालवीत असे.

मग ती हरली का? तीन कारणांनी. टेक्सासमध्ये १९०१ साली तेलाचा मोठा साठा लागला आणि पेट्रोल स्वस्त झाले. १९१२ साली चार्ल्स केटरिंगने बनविलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीला बसला आणि हँडल मारण्याचा जाच गेला. आणि तिसरे कारण फोर्डच्या कारखान्यातले. १९०८ साली त्याची 'टी' मॉडेल गाडी ८५० डॉलरांना होती. १९२५ पर्यंत ती २६० डॉलरांवर आली. पेट्रोल पेटीत ओतून शेकडो मैल जाता येई; विजेच्या गाडीला शिशाच्या जड बॅटऱ्या वाहाव्या लागत आणि मजल थोडी. म्हणजे विजेची मोटार मोटरीमुळे हरली नाही. ती बॅटरीमुळे हरली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण शंभर वर्षांनंतरचा झगडाही तिथेच आहे.

आपल्याकडचा अनुभवही तेच सांगतो. बंगळूरची 'रेवा' ही छोटी विजेची गाडी २००१ साली बाजारात आली. ती लंडनच्या रस्त्यांवरही धावली. पण तिच्यात त्याच शिशाच्या बॅटऱ्या होत्या. बसायला जागा थोडी आणि एका चार्जिंगमध्ये जेमतेम ऐंशी किलोमीटर. शौकिनांनी ती घेतली, संसारी माणसाने घेतली नाही.

बदल घडविला तो लिथियमच्या बॅटरीने. ही बॅटरी १९९१ साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आली, आणि ती ज्यांच्या संशोधनावर उभी आहे त्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१० साली एक युनिट वीज साठविण्याजोगी बॅटरी हजार डॉलरांहून महाग पडत असे. २०२४ मध्ये तिचा जगातला सरासरी भाव ११५ डॉलरांवर आला. छोट्या मोटारीला साधारण चोवीस युनिटांची बॅटरी लागते. म्हणजे तेव्हा जिची बॅटरीच चोवीस हजार डॉलरांना पडली असती, तिची बॅटरी आता पावणेतीन हजारांत येते. रुपयांत म्हणाल तर अडीच लाखांच्या आतबाहेर. शिवाय निकेल आणि कोबाल्ट ही महागडी द्रव्ये न वापरता लोह आणि फॉस्फेट यांवर चालणारी बॅटरी आता रुळली आहे. ती थोडी जड असते, पण स्वस्त, टिकाऊ आणि पेट घ्यायला नाखूश.

याचे फळ चीनमध्ये दिसले. वुलिंग कंपनीची एक चिमुकली विजेची गाडी तेथे २०२० साली २८,८०० युआनला, म्हणजे सुमारे तीन लाख रुपयांना, विक्रीला आली. २०२३ मध्ये बीवायडी कंपनीची त्याहून मोठी, चार जणांची गाडी ७३,८०० युआनला, म्हणजे नऊ लाखांच्या आत आली. तेव्हा 'स्वस्त विजेची मोटार होणेच शक्य नाही' हा वाद आता संपला आहे. ती होते. प्रश्न एवढाच की, ती आपल्या बाजारात आपल्या माणसाला परवडते काय.

आपल्याकडे टाटांची टिआगो विजेवर सप्टेंबर २०२२ मध्ये आली, साडेआठ लाखांच्या आतून सुरू. २०२३ मध्ये एमजीची दोन दारांची कॉमेट आली, आठ लाखांच्या आतून. तरीही २०२४ सालात देशात विकल्या गेलेल्या मोटारींत विजेच्या मोटारी शंभरांत दोन-तीनच होत्या. असे का? लोक अडाणी आहेत म्हणून? आम्हांला तसे वाटत नाही. लोकांना हिशेब कळतो. तो हिशेबच आपण मांडू.

आकडे सोपे धरू. प्रत्येकाने घरी जाऊन आपल्या गावचे भाव घालून पाहावेत. पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि छोटी गाडी लिटरला अठरा किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेपाच रुपये. सीएनजी नव्वद रुपये किलो आणि किलोला पंचवीस किलोमीटर. म्हणजे तीन रुपये साठ पैसे. घरची वीज दहा रुपये युनिट आणि युनिटला सात किलोमीटर; म्हणजे एक रुपया चाळीस पैशांच्या आसपास. वाहवा, म्हणाल, मग विचार कसला करायचा?

विचार खरेदीच्या दिवसाचा करायचा. तशीच पेट्रोलची गाडी विजेच्या गाडीहून सुमारे तीन लाखांनी स्वस्त मिळते, आणि सीएनजीची सुमारे दोन लाखांनी. हे जादा तीन लाख म्हणजे काय? पुढल्या कित्येक वर्षांचे पेट्रोल आजच एकरकमी विकत घेणे. किलोमीटरमागे चार रुपये वाचतात, तर तीन लाख फिटायला पाऊण लाख किलोमीटर धावले पाहिजे. जो माणूस रोज तीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस जातो, त्याला यासाठी आठ वर्षांहून अधिक काळ लागतो. जो रोज शंभर किलोमीटर जातो, त्याचे अडीच वर्षांत फिटतात. सीएनजीशी तुलना केली तर पहिल्याला दहा वर्षे आणि दुसऱ्याला तीन. कर्जाचे व्याज आम्ही धरलेच नाही. उलट विजेच्या गाडीला इंजिनचे तेल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नाही, हेही धरले नाही. दोन्ही बाजू साधारण सारख्या समजू.

आता या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची ओळ ऐका. ज्याला घरी चार्जिंग करता येत नाही आणि ज्याला रस्त्यावरच्या चार्जिंग केंद्रावर वीस रुपये युनिट मोजावे लागतात, त्याला किलोमीटरला दोन रुपये पंच्याऐंशी पैसे पडतात. सीएनजीच्या मानाने वाचतो फक्त पाऊण रुपया. दोन लाख फिटायला पावणेतीन लाख किलोमीटर! रोजचे तीस धरले तर तीस वर्षे. गाडी त्याआधी भंगारात जाईल.

म्हणून आमचे म्हणणे असे की, स्वस्त विजेच्या मोटारीची खरी लढाई एका विजेच्या कंपनीची दुसरीशी नाही. वर्तमानपत्रांत तशी झुंज रंगविली जाते, कोणाची मजल किती, कोणाचा पडदा किती मोठा. पण कामगाराच्या आणि कारकुनाच्या दारात तिचे प्रतिस्पर्धी निराळे आहेत: पेट्रोलची छोटी गाडी, सीएनजीची गाडी, पाच वर्षे वापरलेली जुनी गाडी, आणि स्कूटर. त्यांत सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला. विजेच्या गाडीवर तो पाचच टक्के राहिला हे खरे, पण तिची आघाडी तेवढी कमी झाली.

ही गोष्ट उलट बाजूनेही तपासता येते. ज्या वाहनाची धाव मोठी, तिथे वीज आधी जिंकली पाहिजे. आणि तसेच घडले आहे. २०२४ साली आपल्या देशात विकल्या गेलेल्या तीनचाकी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक विजेची होती. रिक्षावाल्याने कोणाचे व्याख्यान ऐकले नव्हते. त्याने संध्याकाळी गल्ला मोजला.

यावर कंपन्यांनी एक तोड काढली आहे. गाडी विका आणि बॅटरी भाड्याने द्या. २०२४ साली कॉमेट अशा रीतीने पाच लाखांच्या आत देऊ केली गेली, बॅटरीचे भाडे किलोमीटरला अडीच रुपये. कल्पना चांगली आहे. दारातली पायरी ठेंगणी होते. पण भाडे आणि वीज मिळून किलोमीटरला चार रुपयांच्या घरात खर्च जातो, म्हणजे सीएनजीच्या थोडा वरच. विजेची सगळी बचत भाड्यात जाते. सावकाराने दागिना सोडविला आणि व्याज तेवढेच ठेवले, असा हा प्रकार. करार वाचून सही करावी.

'स्वस्त' या शब्दाबद्दलही एक इशारा देणे जरूर आहे. २००८ साली एक लाखाची नॅनो जाहीर झाली तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटायचे बाकी राहिले होते. स्कूटरवर भिजत जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला छप्पर द्यावे, हा रतन टाटांचा त्यामागचा हेतू सर्वश्रुत आहे. पण २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सिंगूरहून साणंदला कारखाना हलविण्यात वेळ गेला, किंमत वाढली, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. पण सर्वांत मोठे कारण आम्हांला दिसले ते असे की, गरिबाची गाडी म्हणून जिची ओळख झाली ती गरिबालाही नको होती. माणूस आयुष्यात एकदा गाडी घेतो ती शेजाऱ्याला दाखवायलाही घेतो. विजेच्या मोटारीला हा डाग लागलेला नाही. उलट ती जरा मोठेपणाची मानली जाते. तिने स्वस्त व्हावे, पण केविलवाणी होऊ नये.

एक आक्षेप येथे हमखास घेतला जातो. आपली वीज बहुतांशी कोळशाची. मग विजेच्या गाडीने साधले काय? आक्षेप रास्त आहे. धूर रस्त्यावरून चिमणीत गेला एवढे तरी साधले, कारण रस्त्यावर आपली मुले चालतात. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या शक्तीपैकी चौथा हिस्सा, फार तर तिसरा, चाकाला मिळतो, बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटरीत शंभरांतले ऐंशी-नव्वद भाग चाकाला मिळतात. आणि विद्युतकेंद्र सुधारले की जुनी मोटारही आपोआप सुधारते. पेट्रोलच्या जुन्या गाडीला ती सोय नाही.

आता आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. त्याची भीती खरी आहे. पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट असे शेकडो भाग हलतात. त्यांना गिअरपेटी, क्लच, सायलेन्सर जोडा. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांपासून कोल्हापूरच्या ओतशाळांपर्यंत हजारो संसार या भागांवर चालतात. विजेच्या मोटारीत हलणारे भाग थोडे, आणि वेग उतरविण्यासाठी बहुधा गिअरचा एकच ठरलेला संच. ब्रेक, आस, स्प्रिंगा, सांगाडा, काचा, आसने ही कामे राहतील. इंजिनची कामे घटतील. शिवाय गाडीचा सर्वांत महाग भाग, बॅटरीचे सेल, ते बहुतांशी बाहेरून येतात. चीनच्या दोन कंपन्याच जगातल्या निम्म्याहून अधिक मोटार-बॅटऱ्या बनवितात. आपल्या सरकारने सेल येथे बनावेत म्हणून २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना जाहीर केली. पण योजना कागदावरून कारखान्यात उतरायला वेळ लागतो.

मग संघटनेने विजेच्या मोटारीला विरोध करावा काय? आमच्यातले काही बांधव तसे म्हणतात. आम्ही त्यांना मुंबईच्या गिरण्यांची आठवण देतो. १९८२ चा संप सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधीपासून कित्येक गिरण्यांत नवी यंत्रे आलीच नव्हती. जुने माग खडखडत होते आणि कापड यंत्रमागांकडे चालले होते. जुने यंत्र राहिले म्हणून कोणाची नोकरी राहिली नाही. शेवटी गिरणी गेली, जागा राहिली, आणि जागेचे पैसे कामगाराच्या वाट्याला फारसे आले नाहीत. यंत्र अडवून धरणे ही आमची ताकद नाही. यंत्र येताना आमच्या अटी घालणे, ही आमची ताकद आहे.

परदेशांतही हेच चालले आहे. अमेरिकेत २०२३ च्या संपात मोटार कामगारांनी नुसती पगारवाढ मागितली नाही. जनरल मोटर्सच्या नव्या बॅटरी कारखान्यांतील कामगार मुख्य करारात आले पाहिजेत, असा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. जर्मनीत फोल्क्सवागेनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत पस्तीस हजार जागा कमी करण्याचा करार केला, पण कोणालाही सक्तीने घरी न पाठविण्याच्या अटीवर. याच्या उलट ब्रुसेल्स येथील आउडीचा कारखाना पाहा. तेथे विजेच्याच मोटारी बनत होत्या, महागड्या. खप झाला नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारखाना बंद पडला. यातून काय घ्यायचे? विजेची मोटार बनविली म्हणून काम टिकत नाही. ती विकली गेली तर टिकते. आणि विकली जाईल ती परवडणारी.

म्हणजे त्या सहकाऱ्याचे दोन प्रश्न परस्परांविरुद्ध आहेत असे जे वाटते, ते खरे नाही. मोटार महाग राहिली तर पोराला मिळणार नाही आणि कारखान्यालाही बरकत येणार नाही. तेव्हा ती स्वस्त व्हावी, असेच आम्ही म्हणतो. पण स्वस्ताईचे दोन रस्ते आहेत. एक, बॅटरी स्वस्त करून, सेल येथे बनवून, उत्पादन वाढवून. दुसरा, माणूस स्वस्त करून. नव्या विभागांत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. जुन्या इंजिन-विभागात कायम कामगार, आणि पलीकडच्या नव्या शेडमध्ये बॅटरी जोडणारी वीस-बावीस वर्षांची पोरे, सगळी कंत्राटी, अकरा महिने झाले की बदललेली. फोर्डने गाडी स्वस्त केली तेव्हा १९१४ मध्ये दिवसाची मजुरी पाच डॉलर केली आणि दिवस आठ तासांचा केला. तो काही संत नव्हता, आमच्यासारख्या संघटनांचा तर तो वैरीच होता. पण कामगार हाच गिऱ्हाईक आहे, एवढे त्याला कळले होते. कंत्राटी पोराला सात लाखांची मोटार कोण विकणार आणि तिच्यासाठी कर्ज कोणती बँक देणार?

मग करायचे काय? आम्हांला तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्ही आपल्या हातच्या आहेत. पहिली, घरचा प्लग. २०२४ साली केंद्र सरकारने वीज-ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारून मोटार चार्ज करण्यासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय केली आहे. आपल्या सोसायटीच्या पुढल्या सभेत हा विषय काढा. चाळीच्या आणि वस्तीच्या रस्त्यावर घरच्या दराने चार्जिंग मिळावे, असा ठराव नगरसेवकाकडे न्या. मघाच्या हिशेबात पाहिलेच की, सारे गणित या एका प्लगवर फिरते. दुसरी गोष्ट, शिक्षण. इंजिनच्या विभागातील चाळिशीच्या माणसाला मोटर गुंडाळणे, बॅटरी तपासणे, विजेची दुरुस्ती हे विभाग बंद पडण्याआधी, पगारी वेळेत शिकवावे, अशी मागणी प्रत्येक करारात घालावी. तिसरी, नव्या शेडमधील पोरे आणि जुन्या शेडमधील माणसे एकाच संघटनेत यावीत.

स्वस्त विजेची मोटार टिकेल काय, असा प्रश्न घेऊन आपण निघालो होतो. रोज पुष्कळ धावणाऱ्याच्या आणि घरी प्लग असलेल्याच्या दारी ती आलीच आहे. बॅटरीचा भाव आणखी उतरला की रोज तीस किलोमीटरवाल्याकडेही येईल. ज्याच्या दाराशी प्लग नाही त्याच्याकडे ती नुसत्या बाजाराच्या जोरावर येणार नाही. ती आपल्यालाच आणावी लागेल.

त्या सहकाऱ्याला आम्ही गेल्या आठवड्यात हेच सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शिकवणीचा वर्ग केव्हा सुरू होतो?" वर्ग अजून सुरू झालेला नाही. मागणीपत्र गेले आहे. पुढल्या वसंतात या व्यासपीठावर पुन्हा येण्याचा योग आला तर त्याचे पुढे काय झाले ते सांगू.